घर सोडून ती जाणार कुठे? १८६३ ते १८९३

१/
छळ सोसूनही तिने घर का सोडले नाही, आणि सोडलेच तर का सोडले, हे दोन्ही प्रश्न आपण तिलाच विचारतो. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात मात्र आधीचा प्रश्न वेगळाच होता : जायला जागा कोणती?

२/
ब्राह्मण घरातील बालविधवेच्या वाट्याला केशवपन, एकभुक्त राहणे आणि दिवसभराचे राबणे येई. मंगलप्रसंगी तिचे दर्शनही अशुभ मानले जाई. अशा घरात तिला दिवस गेले, तर दोष तिचाच ठरे. मग आत्महत्या किंवा नवजात अर्भकाची हत्या, एवढेच मार्ग उरत.

३/
१८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेने येथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, असे जाहीर आवाहन त्यांनी केले. तेथे आलेल्या काशीबाईंच्या मुलाला त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

४/
सधवेची वाट तर कायद्यानेच अडवलेली होती. रखमाबाईंना माहेरचा भक्कम आधार होता. तरीही १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना बजावले, पतीकडे नांदायला जा, अन्यथा सहा महिन्यांची कैद. माहेरी राहणे हाच अपराध!

५/
११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या गोदूबाई. लग्नानंतर अवघ्या काही महिन्यांत, आठव्या वर्षी, त्यांना वैधव्य आले होते. सदनात आल्या तेव्हा त्या विशी ओलांडलेल्या होत्या. मधली सारी वर्षे घरकामात गेली.

६/
येथे एक बारकावा सहज निसटतो. गोदूबाई पळून आल्या नाहीत. त्यांना त्यांचे बंधू नरहरपंत जोशी यांनी आणले. सदनातील अनेकींना असेच वडिलांनी वा भावाने पोहोचवले होते. दार उघडे होते, पण तिथवरची वाट घरातल्या एखाद्या सहृदय पुरुषावर अवलंबून होती. माझ्या मते, या आश्रयगृहांच्या इतिहासातील सर्वांत दुबळा दुवा हाच.

७/
आणि १८९३ मध्ये तो तुटला. सदन तोवर पुण्यात आले होते. मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा गदारोळ उठला; रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले; पालकांनी अनेक मुली परत नेल्या. त्या मुलींना काय हवे होते, हे त्या वादात फारसे कोणी विचारलेले दिसत नाही. त्याच वर्षी गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. मुरूडकरांनी दोघांना वाळीत टाकले, तरी १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढलाच.

८/
कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये आला. त्यात पत्नीप्रमाणेच मुलगी, बहीण आणि विधवा सूनही येते. निवारागृहात आश्रय ती स्वतः मागू शकते; त्यासाठी भाऊ सोबत असावा लागत नाही.