झंपरमधला झ

भोसरीत स्टॅबिलायझर जुळवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जॉब कार्डावर लिहिलेलं दिसलं: ‘झंपर – ७’. बोर्डावर सोल्डर करायच्या जोडण्यांची ती संख्या. कार्ड लिहिणाऱ्या मावशींना विचारलं, ‘जंपर ना?’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही जंपर म्हणा. आमच्यात झंपरच.’ तो झ तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आधी वस्तू पाहू. तांब्याच्या पातळ पत्र्यावर सर्किट छापून काढायची युक्ती व्हिएन्नाच्या पॉल आइस्लरने लंडनमध्ये रुजवली, १९४३ साली पेटंटसाठी अर्ज केला. पुढे ती जगभर पसरली आणि एमआयडीसीच्या शेडमध्येही आली.

एकाच बाजूला तांबं असलेल्या स्वस्त बोर्डाच्या भोकांना आतून तांब्याचं अस्तर नसतं. ट्रॅकला पलीकडच्या बाजूने वाट नाही, आणि या बाजूला दोन ट्रॅक एकमेकांवरून गेले की शॉर्ट. कागदावर चार ठिपके काढून प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांना जोडून पाहा. एकही रेष दुसरीला न छेदता जमतं. पाचवा ठिपका आला की कुठेतरी छेद होतोच, कितीही वळसे घ्या. लेआउट करणाऱ्याचं सगळं कसब या पाचव्या ठिपक्याशी झुंजण्यात जातं. तो रेझिस्टरच्या पोटाखालून ट्रॅक काढतो, डायोड आडवा होता तो उभा बसवतो, ग्राउंडला लांबून फिरवतो. एवढं करूनही जे छेद उरतात, तिथे कंपोनंट साइडने कल्हईच्या तारेचा तुकडा टाकायचा. रिपेअरवाले रेझिस्टरचे कापलेले पाय त्यासाठी डबीत जपून ठेवतात. हाच झंपर.

आता शब्द. माझ्या आजीच्या ट्रंकेतही झंपर होते: आखूड बाह्यांचे, पोलक्याच्या जमान्यातले. तो कपडा इंग्रजी ‘जंपर’वरून आला आणि त्या इंग्रजी शब्दामागे ‘जंप’ नावाचा आखूड कोट आहे. त्याचं मूळ फ्रेंच ‘ज्यूप’मध्ये आणि तिथून अरबी ‘जुब्बा’मध्ये असावं, असं बरेच कोशकार मानतात. ते खरं असेल तर आजीचा झंपर आणि आजोबांचा जुब्बा भावंडं ठरतात! पण तारेचा झंपर या घराण्यातला नाही. तो इंग्रजीतल्या उडी मारण्याच्या ‘जंप’चा. सुरुंगासाठी खडकात भोक पाडायची पहारही इंग्रजीत ‘जंपर’च, कारण ती उचलून आपटताना उसळते. म्हणजे उच्चार एक आणि कुळं दोन.

मग आपल्याकडे दोन्ही ठिकाणी झ कुठून आला? एक उत्तर सोपं आहे: कपड्याचा झंपर घरात आधीपासून होता, तारेचा आल्यावर जीभ त्याच वळणाने गेली. मला ते अर्धंच पटतं. संस्कृतात ‘झंपा’ म्हणजे उडी, ‘झंपी’ म्हणजे माकड. तालांमधला झंपा त्याच नावाचा आणि आपली ‘झेप’ही त्याच गोतातली, असं मला वाटतं. इंग्रजी ‘जंप’शी झंपाचं रक्ताचं नातं नाही. उसळण्याच्या आवाजावरून दोन भाषांना सारखा शब्द सुचला असावा. पण उडी म्हटलं की मराठी कानाला झ हवा असतो: झेप, झपकन, झपाटा. परक्या ‘जंपर’ला तो झ आपल्या कानाने दिला, आजीच्या ट्रंकेने नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

हा शब्द शेडमध्ये आणला कुणी? मी टेलिफोनवाल्यांकडे बोट दाखवतो. एक्स्चेंजच्या वितरण चौकटीत एका बाजूला बाहेरून येणाऱ्या लाइन, दुसऱ्या बाजूला एक्स्चेंजचे नंबर, आणि दोन्ही जोडणारी पिळाची जोडतार म्हणजे जंपर. ग्राहकाचा नंबर बदलला की जंपर बदलायचा. मुंबईत एक्स्चेंज १८८२ मध्येच सुरू झालं होतं, आइस्लरच्या अर्जाआधी साठ वर्षं. ‘जंपर मारणे’ हे क्रियापद लाइनमनकडूनच आलं असणार. बोर्डावर तार बसवणारा माणूस एरवी ‘मारतो’ कशाला म्हणेल? तो ‘लावतो’ म्हणाला असता.

उडीच्या या सगळ्या गोष्टीवर एका लेआउटवाल्या मित्राचा आक्षेप आहे: झंपर म्हणजे फक्त तार, त्यात उडी वगैरे काही नाही. मला ते पटत नाही. मशीन पार्ट बसवायला लागल्यापासून कित्येक बोर्डांवर तारेऐवजी शून्य ओहमचा रेझिस्टर येतो: रेझिस्टरसारखंच अंग, मधोमध एक काळी पट्टी. पार्ट लिस्टमध्ये तो रेझिस्टर म्हणूनच नोंदलेला असतो. भोसरीच्या त्या कार्डावर सातांपैकी तीन हेच होते. त्या तिघांत तार नव्हतीच, तरी मावशींनी सातही झंपरमध्येच मोजले होते.