घरगुती डीव्हीडीवरील उपशीर्षके

घरगुती चित्रणातील बोलण्याचा लेखी पाठ किंवा अनुवाद डीव्हीडीवर वेगळ्या ट्रॅकवर नोंदवतात आणि पाहणारा तो रिमोटच्या ‘सबटायटल’ बटणाने हवा तेव्हा आणतो, नको तेव्हा घालवतो. लग्न, मुंज, साठीशांत, आजीच्या तोंडच्या ओव्या, निवृत्तीच्या समारंभातली भाषणे अशा चित्रणांना ही उपशीर्षके जोडली जातात. दृश्यावर कायमची उमटवलेली उपशीर्षके यांहून निराळी. ती चित्राचाच भाग होऊन बसतात, पुसता येत नाहीत आणि त्यांची भाषाही बदलता येत नाही. भारतात डीव्हीडीच्या आधी घरोघर पोचलेल्या व्हीसीडीत उमटवण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. नातवासाठी इंग्रजी ओळी घातल्या की त्या आजोबांनाही सोसाव्या लागत.

डीव्हीडी-व्हिडिओचे प्लेअर नोव्हेंबर १९९६ मध्ये प्रथम जपानच्या बाजारात आले. या पद्धतीत एका चित्राबरोबर आठपर्यंत ध्वनिट्रॅक आणि बत्तीसपर्यंत उपशीर्षकांचे ट्रॅक ठेवता येतात; मात्र उपशीर्षकांचा एका वेळी एकच ट्रॅक दिसतो. घरगुती कामात बत्तीसांची गरज कधी पडत नाही. ऐकू कमी येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी मराठी आणि परदेशी वाढलेल्या मुलांसाठी इंग्रजी, एवढ्या दोन ट्रॅकांत बहुतेक घरांचे भागते. जागेचा प्रश्नही उद्भवत नाही. एका उपशीर्षकाला सामान्यतः काही किलोबाइट लागतात. दोन तासांच्या चित्रणात हजार-बाराशे उपशीर्षके असली, तरी ४.७ गिगाबाइटांच्या तबकडीवर ती काही मेगाबाइटच व्यापतात.

डीव्हीडीवर उपशीर्षक अक्षरांच्या रूपात नसते, ते चित्र असते. या विषयातल्या बहुतेक सोयी आणि बहुतेक अडचणी या एकाच गोष्टीतून निघतात. प्रत्येक उपशीर्षक म्हणजे पडद्यावर ठेवलेली, बरीचशी पारदर्शक अशी एक पातळ काच. तिच्यातल्या प्रत्येक बिंदूला दोनच बिट मिळतात, म्हणून एका उपशीर्षकात चारच रंग मावतात. त्यांतला एक पारदर्शक पार्श्वभूमीला जातो, एक अक्षराला, एक अक्षराच्या काळ्या कडेला आणि उरलेला एक कडा मऊ करण्यासाठी मधल्या छटेला. हे चार रंग सोळा रंगांच्या तक्त्यातून घेतात आणि प्रत्येकाची पारदर्शकता सोळा पायऱ्यांत ठरवता येते. चित्राबरोबर ‘आता दाखव’, ‘आता काढ’ अशा आज्ञा जातात. त्यांची वेळ सेकंदाच्या सुमारे अठ्ठ्याऐंशीव्या भागापर्यंत नेमकी असते. भारतातल्या पाल या टीव्ही-पद्धतीची एक फ्रेम सेकंदाच्या पंचविसाव्या भागाची असल्याने हा नेमकेपणा पुरून उरतो.

रंगांच्या तक्त्याची एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. हा तक्ता उपशीर्षकाच्या ट्रॅकमध्ये नसतो. तो तबकडीच्या माहिती-फाइलीत असतो आणि ट्रॅकमध्ये फक्त ‘तिसरा रंग’, ‘सातवा रंग’ असे क्रमांक असतात. म्हणून एका सॉफ्टवेअरने बनवलेला ट्रॅक दुसऱ्यात नेला आणि तक्ता मागेच राहिला, तर पांढरी अक्षरे हिरवी किंवा गुलाबी होऊन येतात. अशा वेळी मजकूर पुन्हा टंकण्यात अर्थ नसतो; तक्ता नीट लावला की काम होते.

उपशीर्षक चित्ररूप असण्याचा सर्वांत मोठा लाभ देवनागरीसारख्या लिप्यांना झाला. प्लेअरमध्ये देवनागरीचा फाँट असावा लागत नाही, त्याला जोडाक्षर म्हणजे काय हे ठाऊक असण्याचेही कारण नाही. गल्लीतल्या दुकानातून घेतलेला स्वस्तातला प्लेअरही मराठी उपशीर्षक जसेच्या तसे दाखवतो, कारण त्याच्या लेखी ते एक नक्षीकाम असते. पुढे पेन ड्राइव्हवरून चित्रपट दाखवणारे प्लेअर आणि टीव्ही आले. ते उपशीर्षके मजकुराच्या फाइलीतून वाचत, आणि त्यांतल्या अनेकांवर मराठीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटत. देवनागरीपुरते पाहिले तर जुनी पद्धत नव्यापेक्षा सरस होती.

अर्थात अक्षरे जुळवण्याचे काम कोणाला तरी करावेच लागते. प्लेअर ते करत नाही, म्हणून ते मजकुराचे चित्र बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर येते, आणि घोटाळे तिथेच होतात. लिनक्सवर फार वापरला गेलेला मोफत ‘डीव्हीडीऑथर’ संच आणि त्यातला ‘स्पूमक्स’ हा प्रोग्राम मजकुराची फाइल घेऊन स्वतः चित्रे काढू शकतो, पण देवनागरीची जुळणी त्याला नीट जमत नाही. ‘विठ्ठल’ हा शब्द संगणकात व, ऱ्हस्व वेलांटी, ठ, पायमोडकी खूण, ठ, ल या क्रमाने साठवलेला असतो. जुळणी न करणारा प्रोग्राम ही चिन्हे त्याच क्रमाने एकापुढे एक मांडतो. मग वेलांटी व सोडून ठच्या डोक्यावर जाऊन बसते आणि पहिला ठ पायमोडका उभा राहतो. रफार आणि ‘दुसऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र यांचीही हीच गत होते. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतलेल्याला यातले काहीच दिसत नाही.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे चित्रे दुसरीकडे तयार करून घेणे. ‘सबटायटल एडिट’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये संगणकावरचा युनिकोड फाँट वापरून प्रत्येक ओळीचे चित्र काढता येते. विंडोजची स्वतःची जुळणी चांगली असल्याने तिथे विठ्ठल विठ्ठलच राहतो. ही चित्रे स्पूमक्सला आयती दिली की त्याचे काम फक्त ती चित्रफितीत गुंफण्याचे उरते. चार रंगांची मर्यादा मात्र पाळावी लागते. फाँट निवडताना मराठी वळणाचे ल आणि श त्यात आहेत का, ते पाहिलेले बरे. हिंदी वळणाचे ल-श वाचता येतात, पण मराठी वाचकाला ते खटकतात. मजकूर छपाईच्या दुकानातून आणला असेल तर आणखी एक पेच पडतो. तो बहुधा श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटात टंकलेला असतो आणि उपशीर्षकाच्या फाइलीत रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी होऊन उतरतो. असा मजकूर आधी रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो. रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळणाऱ्याला पहिल्याच प्रक्षेपणात नातेवाईक चुका दाखवतात.

अक्षरांची जाडी हाही देवनागरीत नाजूक विषय आहे. जुन्या चित्रनळीच्या टीव्हीवर सम ओळी आणि विषम ओळी आळीपाळीने रेखल्या जात. एकाच ओळीइतकी पातळ आडवी रेघ अशा पडद्यावर थरथरते. रोमन लिपीत लांब आडव्या रेघा थोड्या. देवनागरीत मात्र शिरोरेषा प्रत्येक शब्दाच्या डोक्यावरून जाते, त्यामुळे बारीक फाँट घेतला तर सगळी ओळच लुकलुकते. शिरोरेषा निदान दोन-तीन बिंदू जाड असेल असा ठळक फाँट घेणे हा यावरचा उपाय. वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर सोडावे लागते. पाल पद्धतीचे चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते. चित्रनळीचे टीव्ही त्याच्या कडा झाकत, म्हणून चारही बाजूंना सुमारे दहा टक्के जागा मोकळी ठेवून मजकूर आत घेण्याची रीत पडली. एवढ्या रुंदीत तीस-पस्तीस अक्षरांहून लांब ओळ सुखाने वाचता येत नाही.

काम सुरू करायचे ते संकलन पूर्ण झाल्यावर. उपशीर्षके लावून झाल्यानंतर सुरुवातीचा चाळीस सेकंदांचा मंडप कापला, तर पुढची प्रत्येक ओळ चाळीस सेकंद उशिरा येते. सर्व वेळा एकदम सरकवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, पण मधले तुकडे कापले असतील तर ती पुरत नाही. संकलनानंतर चित्रण ऐकून बोलणे उतरवून घेतात आणि प्रत्येक ओळीला आरंभाची व अखेरची वेळ देतात. सर्वांत रुळलेल्या ‘एसआरटी’ फाइलीत क्रमांक, वेळांची जोडी, मजकूर आणि एक कोरी ओळ एवढाच ढाचा असतो. ती साध्या मजकूर-संपादकातही लिहिता येते. फक्त जतन करताना यूटीएफ-८ सांकेतन निवडावे लागते. दोन पूर्ण ओळी वाचायला सुमारे सहा सेकंद लागतात, हा उपशीर्षककारांचा जुना अंदाज आहे. घरातली माणसे याहून पुष्कळ भराभर बोलतात आणि एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. शब्दाला शब्द उतरवण्याचा हट्ट सोडून सार धरावे लागते. एकाच ट्रॅकमध्ये दोन उपशीर्षके एका वेळी राहू शकत नाहीत; दुसरे आले की पहिले जाते. म्हणून दोघांचे एकत्र बोलणे एकाच उपशीर्षकात, प्रत्येकाच्या ओळीआधी छोटी आडवी रेघ देऊन लिहितात.

वेळेचे महत्त्व उखाण्यात चांगले कळते. उखाण्यात नवऱ्याचे नाव बहुधा शेवटच्या चरणात येते आणि सगळी गंमत त्या नावाआधीच्या थांबण्यात असते. नवरी लाजून दोन सेकंद थांबते, मागून कोणीतरी ‘घे, घे’ म्हणते, मग नाव येते आणि हशा पिकतो. पूर्ण उखाणा एकाच उपशीर्षकात दिला तर वाचणारा नाव आधीच वाचून मोकळा होतो. पहिला चरण वेगळा दाखवून, थांबण्याच्या वेळी पडदा मोकळा ठेवून, नाव उच्चारले जाते त्याच फ्रेमवर दुसरे उपशीर्षक आणले, की इंग्रजीतून वाचणारी नातही इतरांबरोबरच हसते. यमक अनुवादात टिकतेच असे नाही. ते सोडावे लागले तरी चालते, नावाची जागा मात्र हलवू नये.

तयार चित्रे चित्र-ध्वनीशी गुंफून तबकडीची रचना करणे याला ऑथरिंग म्हणतात. विंडोजसोबत काही काळ येणाऱ्या ‘विंडोज डीव्हीडी मेकर’मध्ये आणि अ‍ॅपलच्या ‘आयडीव्हीडी’मध्ये उपशीर्षकांच्या वेगळ्या ट्रॅकची सोय नव्हती. हौशी लोकांनी ओळी चित्रावरच उमटवल्या त्या पुष्कळदा याच कारणाने. डीव्हीडीऑथर आणि त्याच्या आधारावर बांधलेले ‘डीव्हीडीस्टायलर’ या मोफत साधनांत ही सोय आहे. ऑथरिंग करताना प्रत्येक ट्रॅकला भाषेचा दोन रोमन अक्षरांचा संकेत द्यावा लागतो. मराठीचा ‘एमआर’, हिंदीचा ‘एचआय’, इंग्रजीचा ‘ईएन’. प्लेअरच्या सेटिंगमध्ये नोंदवलेल्या भाषेशी हा संकेत ताडून कोणता ट्रॅक आपोआप निवडायचा ते ठरते. कोकणीला आंतरराष्ट्रीय यादीत तीन अक्षरी संकेत आहे, दोन अक्षरी नाही. गोव्यातल्या घरी कोकणी ट्रॅक केला तर त्याची भाषा अनिर्दिष्ट ठेवावी लागते. तो दिसतो व्यवस्थित, फक्त प्लेअरला त्याचे नाव सांगता येत नाही.

तबकडी सुरू होताना उपशीर्षके बंद असावीत की चालू, हेही ऑथरिंगमध्येच ठरवतात. मुख्य मेनूवर ‘मराठी’, ‘इंग्रजी’ आणि ‘उपशीर्षके नकोत’ अशी तीन बटणे ठेवणे सर्वांत सोयीचे, कारण रिमोटवरचे बटण घरातल्या अर्ध्या माणसांना सापडत नाही. याशिवाय ‘सक्तीची’ अशी खूण केलेली उपशीर्षके असतात. ट्रॅक बंद असला तरी ती दिसतात. गावाचे नाव, समारंभाची तारीख किंवा मराठी समारंभात मध्येच कोणी केलेले परभाषेतले भाषण यांसाठी ती वापरतात. स्वस्त प्लेअर ही खूण सगळेच पाळतात असे नाही.

परदेशी नातेवाइकांना तबकडी पाठवताना भारतातली पाल आणि अमेरिकेतली एनटीएससी हा भेद आडवा येतो. घरगुती तबकडीला प्रदेश-संकेताचे बंधन नसते, पण पाल चित्र अमेरिकेतल्या अनेक जुन्या प्लेअर-टीव्हींवर दिसत नसे. एनटीएससीचे चित्र ७२० × ४८० बिंदूंचे असते. पालसाठी खालच्या कडेला मांडलेली उपशीर्षके त्यात पडद्याबाहेर जातात, म्हणून चित्रे नव्याने काढावी लागतात. रूपांतरात चित्रणाची लांबी बदलली नसेल तर एसआरटी फाइलीतल्या वेळा जशाच्या तशा चालतात. न्यू जर्सीसाठी वेगळी तबकडी करताना श्रम पडतात ते संगणकाला.

तबकडी बर्न करण्याआधी ऑथरिंगमधून तयार झालेले ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर संगणकावर ‘व्हीएलसी’सारख्या प्लेअरमध्ये उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट तीन ठिकाणी तपासतात. उपशीर्षके सुरुवातीला जुळलेली आणि शेवटी सरकलेली आढळली, तर बहुधा चित्रण आणि वेळा वेगवेगळ्या फ्रेम-गतीने मोजलेल्या असतात. संगणकावर ठीक दिसले तरी एकदा खऱ्या टीव्हीवर पाहावे लागते. थरथरणारी शिरोरेषा आणि झाकलेल्या कडा तिथेच कळतात.

उपशीर्षके चित्ररूप असल्यामुळे तबकडीवरून मजकूर परत मिळवणे कष्टाचे असते. चित्रे बाहेर काढून अक्षर-ओळख सॉफ्टवेअरमधून न्यावी लागतात आणि चार रंगांच्या ठळक देवनागरीत ते जोडाक्षरांवर ठेचकाळते. मूळ एसआरटी फाइल जपलेली असेल तर हा खटाटोप वाचतो आणि तीच फाइल उद्याच्या कोणत्याही माध्यमाला उपयोगी पडते. दोन तासांच्या चित्रणाची मराठी फाइल पाव मेगाबाइटाच्या आसपास भरते. ती त्याच तबकडीवर, ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डरच्या शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवता येते. प्लेअर त्या फोल्डरकडे पाहत नाही, संगणकाला ते दिसते.