काचबिंदूवरील थेंब

काचबिंदूवरील थेंब : डोळ्यातील दाब कमी करून दृष्टितंत्रिकेची हानी रोखण्यासाठी डोळ्यात घालण्याची औषधे. मेंदूकडे संदेश नेणारी ही नस काचबिंदूत हळूहळू झिजते आणि बहुधा नजर कडेकडून कमी होत जाते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखणे एवढेच उपचाराच्या हाती असते. थेंब घातल्याने दिसणे सुधारत नाही की चष्म्याचा नंबर उतरत नाही. आग, लाली, तोंडातली कडवट चव मात्र लगेच जाणवते. त्रास रोजचा आणि लाभ न दिसणारा, म्हणून अनेक रुग्ण औषध मध्येच सोडून देतात. दुष्परिणाम ओळखून त्यांवर वेळीच मार्ग काढणे हा त्यामुळे या उपचाराचा गाभाच ठरतो.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढील सुमारे १.१२ कोटी लोकांना काचबिंदू होता. दक्षिण भारतातील पाहण्यांत आढळलेल्या दर दहा रुग्णांपैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती.

कार्य
बुबुळामागे सतत नेत्रजल तयार होते आणि बुबुळ व कॉर्निया यांच्या कोनातील जाळीतून ते बाहेर पडते. या आवक-जावकीवर डोळ्याचा दाब ठरतो. तो सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असतो. पण काहींची नस या मर्यादेतल्या दाबानेही झिजते. थेंब एकतर नेत्रजलाची निर्मिती घटवतात किंवा त्याचा निचरा वाढवतात. दाब वाढलेला पण नस शाबूत असलेल्या लोकांवरील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पाच वर्षांत काचबिंदू होण्याचे प्रमाण औषधाविना ९.५ टक्के, तर थेंब घेणाऱ्यांत ४.४ टक्के होते.

इतिहास
१८७६ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ लुडविग लाक्युर यांनी पश्चिम आफ्रिकेतील कॅलबार बीपासून काढलेले फायसोस्टिग्मिन काचबिंदूवर वापरले. ते स्वतःही या आजाराचे रुग्ण होते. त्याच सुमारास ब्राझीलमधील जाबोरँडी वनस्पतीपासून मिळणारे पायलोकार्पिन वापरात आले. ते दिवसातून चारदा घालावे लागे आणि बाहुली आकसल्याने अंधुक दिसे. १९७८ मध्ये अमेरिकेत टिमोलॉलला मान्यता मिळाली आणि दिवसाला दोन थेंबांवर भागू लागले. १९९६ मध्ये आलेल्या लॅटानोप्रोस्टमुळे रात्रीचा एकच थेंब पुरेसा झाला.

औषधगट आणि दुष्परिणाम
प्रोस्टाग्लँडिन गट : लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमाटोप्रोस्ट. निचरा वाढवून ही औषधे दाब सुमारे २५ ते ३३ टक्के उतरवतात, म्हणून बहुधा यांनीच सुरुवात होते. सुरुवातीला डोळे लाल होतात. पापण्यांचे केस लांब व दाट होतात, डोळ्याभोवतीची त्वचा काळवंडते. औषध थांबवल्यावर हे बदल हळूहळू ओसरतात. बुबुळाचा रंग गडद झाला तर तो तसाच राहतो. डोळ्याभोवतीची चरबी घटून डोळे खोल गेल्यासारखे दिसू शकतात. एकाच डोळ्यात थेंब असतील तर दोन डोळ्यांतला हा फरक उठून दिसतो. त्याची कल्पना रुग्णाला आधीच द्यावी.

बीटा ब्लॉकर गट : टिमोलॉल. याने नाडी मंदावते, दमा उसळू शकतो, थकवा येतो. मधुमेहींमध्ये साखर अचानक उतरल्यावर होणारी धडधड झाकली जाते. दमा, अतिमंद नाडी किंवा हृदयातील ‘ब्लॉक’ असलेल्यांनी हे औषध टाळावे. म्हणूनच घरात चालू असलेली प्रत्येक गोळी व इनहेलर नेत्रतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.

ब्रिमोनिडीन : तोंड कोरडे पडते, गुंगी येते. काही महिन्यांनीही ॲलर्जी उद्भवते. डोळे लाल होतात, खाजतात, पापण्या सुजतात. दोन वर्षांखालील बालकांत श्वास मंदावण्याचा धोका असल्याने त्यांना ते देत नाहीत. बाटलीही मुलांच्या हाती लागू देऊ नये.

कार्बोनिक अनहायड्रेज रोधक : डॉर्झोलामाइड चुरचुरते, ब्रिंझोलामाइडनंतर थोडा वेळ धूसर दिसते. दोन्हींची कडवट चव घशात उतरते. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे. ब्रिंझोलामाइडची बाटली दरवेळी हलवून घ्यावी.

थेंब घालण्याची रीत
भारतात मिळणाऱ्या अनेक बाटल्यांच्या टोपणात बारीक काटा असतो. टोपण प्रथमच घट्ट पिळले की त्या काट्याने तोटीला नेमके छिद्र पडते. सुई टोचून किंवा तोटी कात्रीने कापून छिद्र केल्यास थेंब मोठा पडतो, औषध लवकर संपते आणि जंतू शिरण्याची भीती वाढते.

हात धुवावेत, मान मागे टाकावी आणि खालची पापणी बोटाने ओढून झोळीसारखी करावी. तोटी डोळ्याला किंवा पापणीला न टेकवता त्या झोळीत एकच थेंब टाकावा. थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात जास्तीत जास्त ३० मायक्रोलिटर मावते, म्हणून दुसरा थेंब गालावर ओघळतो. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन-तीन मिनिटे दाब द्यावा. अश्रुनलिकेचे तोंड तेथे असते. ते उघडे राहिले तर औषध नाकात उतरून तेथील अस्तरातून रक्तात जाते. गोळीसारखे आधी यकृतातून जात नाही. हा दाब दिला की औषध डोळ्यात टिकते, कडवट चव कमी लागते आणि टिमोलॉलचा हृदय व फुप्फुसांवरील परिणाम घटतो. दोन वेगळ्या औषधांत निदान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, नाहीतर दुसरे पहिल्याला धुऊन काढते. हात कापत असतील तर थेंब घरातल्या कोणी तरी घालावेत.

दुष्परिणामांवर उपाय
लॅटानोप्रोस्टची लाली बहुतेकांत काही आठवड्यांत उतरते. रात्री थेंब घालून डोळ्याभोवतीचे जादा औषध पुसले तर त्वचा कमी काळवंडते. सततची आग आणि कोरडेपणा अनेकदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड या परिरक्षकामुळे असतो; त्यावर परिरक्षकविरहित थेंब मिळतात. दोन औषधे एकाच बाटलीत असलेली मिश्रणे घेतल्यास थेंबांची संख्याही घटते. ॲलर्जीत गट बदलतात. धाप लागणे, चक्कर येणे, अचानक नजर कमी होणे किंवा तीव्र डोळेदुखीसह उलटी होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

डोळा लाल झाला म्हणून दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब घालणे घातक आहे. त्यांनी दाब वाढतो आणि काचबिंदू नव्याने होऊही शकतो.

थेंब सोसतच नसतील तर लेसर किंवा शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत आधी लेसर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतर थेंबांविना ताब्यात होता.

साठवण आणि सातत्य
लॅटानोप्रोस्टच्या बऱ्याच बाटल्या न उघडता २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या असतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या फ्रिजच्या दारात ठेवाव्यात, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि वेष्टनावरील मुदत संपताच ती टाकून द्यावी. एखादी वेळ चुकली तर पुढचा थेंब नेहमीच्या वेळी घालावा. लॅटानोप्रोस्ट दिवसातून दोनदा घातल्यास उलट परिणाम घटतो. तपासणीच्या आदल्या दिवशीच नियमित थेंब घातले तर दाब चांगला दिसतो आणि डॉक्टरांचा अंदाज चुकतो. किती थेंब चुकले आणि का चुकले हे मोकळेपणाने सांगितले, तरच रुग्णाला सोसेल असे औषध निवडता येते. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना व मुलांना धोका अधिक असल्याने त्यांनीही डोळ्यांची तपासणी करून घ्यावी.