नर्मदेच्या पाण्यात कोणाचा वाटा किती? ४५ वर्षांची मुदत संपली, आता फेरविचाराची वाट मोकळी

इंदूर : इंदूरच्या घरात ‘नर्मदा’ म्हणजे नळाचं पाणी. शहर मात्र नर्मदेच्या खोऱ्यात नाहीच. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांब, विंध्याचा घाट चढवून हे पाणी १९७८ पासून येतं. त्यासाठी १९७० मध्ये इंदूरकरांना आंदोलन करावं लागलं होतं. वापरलेलं पाणी कान्ह नदीतून क्षिप्रेत, तिथून चंबळ, यमुना करत गंगेकडे जातं. नर्मदेत थेंबही परतत नाही.

म्हणूनच वाटणीचा हिशोब महत्त्वाचा. १९५६ च्या कायद्याखाली १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि त्याचा अंतिम निवाडा १२ डिसेंबर १९७९ ला राजपत्रात आला. वापरण्याजोगं पाणी धरलं २.८ कोटी एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभं पाणी). त्यात मध्य प्रदेश १८२.५ लाख, गुजरात ९० लाख, राजस्थान ५ लाख आणि महाराष्ट्र अडीच लाख. पाऊस कमी-जास्त झाला तर तूट किंवा वाढ ७३:३६:२:१ याच प्रमाणात. सरदार सरोवराच्या विजेत मात्र महाराष्ट्राला २७ टक्के, मध्य प्रदेशला ५७, गुजरातला १६.

हे सगळं पाहणाऱ्या नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचं मुख्यालय इंदुरातच, विजयनगरला आहे. चारही राज्यं एका टेबलावर बसतात, ही साधी गोष्ट नाही. मेकाँग नदीचा १९९५ चा करार चार देशांनी केला, पण वरच्या अंगाचा चीन त्या आयोगाचा सदस्यच नाही. आपल्याकडे वरचं राज्यही निवाड्याला बांधलेलं आहे.

निवाड्यातल्या तरतुदीप्रमाणे ४५ वर्षांनंतर वाटणीचा फेरविचार होऊ शकतो. ती मुदत डिसेंबर २०२४ ला पुरी झाली. तेव्हाचं इंदूर आणि आजचं इंदूर यांची तहान एक नाही, हे सांगायला आकडे नकोत.

सीमेपलीकडच्या वाचकांनी नंदुरबारकडे बघावं. महाराष्ट्रात नर्मदा फक्त ७४ किलोमीटर, तीही हद्दीवरून. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. वाट्याला आलेलं पाणी १०.८९ टीएमसी. ते सातपुड्याच्या पल्याड, म्हणून बोगद्यांनी तापी खोऱ्यात आणायच्या योजना. उद्या ‘वापरलं किती?’ हा प्रश्न निघाला, तर महाराष्ट्राकडे दाखवायला फारसं काही नाही.