आसनाखालची वहिवाट

मोटारसायकलीच्या आसनाखाली, टाकीची मागील कड, मागच्या चाकाचे मडगार्ड आणि इंजिनाचा माथा यांच्यामध्ये जी त्रिकोणी जागा उरते, तिच्यात बॅटरी, वायरिंगच्या जुड्या, हवा गाळणारी पेटी आणि इंजिनाच्या पोटातून आलेली ब्रीदरची नळी अशी मंडळी वर्षानुवर्षे दाटीवाटीने नांदत आलेली आहेत. गाडीला स्वतःच्या रुचीप्रमाणे रूप देणारा हौशी मनुष्य पहिला घाला घालतो तो या वसाहतीवरच. पलीकडचा उजेड दिसावा इतका तो त्रिकोण मोकळा झाला, म्हणजे आपल्या श्रमाचे सार्थक झाले असे त्याला वाटते. ही आवड नवी नाही. तिचा उगम शोधावयाचा तर लंडन शहराच्या वायव्येकडील नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर, एस कॅफे नावाच्या उपाहारगृहापर्यंत जावे लागते.

१९३८ साली हे उपाहारगृह निघाले ते मालमोटारी हाकणाऱ्यांच्या सोयीसाठी. महायुद्धातील बाँबवर्षावात ते जमीनदोस्त झाले, १९४९ साली पुन्हा उभे राहिले, आणि पुढील दोन दशके रात्री उशिरापर्यंत मिळणारा चहा व गाण्यांच्या तबकड्या वाजविणारे यंत्र यांच्या ओढीने तेथे कामकरी वर्गातील तरुणांची रीघ लागली. ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, हा त्या तरुणांच्या आकांक्षेचा मानदंड होता, आणि पगारातून शिल्लक टाकून घेतलेली गाडी तेथवर पोहोचावी म्हणून जे जे वजन उतरविता येईल ते ते उतरविण्याचा परिपाठ त्यांच्यात पडला.

त्यांच्या कारागिरीचे सर्वांत ख्यातनाम अपत्य म्हणजे ट्रायटन. बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस यांनी घडविलेली नॉर्टनची दुहेरी नळ्यांची चौकट १९५० साली शर्यतीत उतरली आणि वळणावरील तिच्या स्थैर्यामुळे पिसांची गादी या अर्थाच्या ‘फेदरबेड’ या नावाने लोकप्रिय झाली. त्याच सुमारास ५०० सीसीच्या छोट्या शर्यती मोटारी बांधणाऱ्यांना नॉर्टनचे इंजिन हवे होते. कारखाना ते सुटे विकत नसे, म्हणून ही मंडळी आख्खी गाडी खरेदी करीत, इंजिन काढून घेत, आणि चौकट बेवारस पडून राही. अशा चौकटींत ट्रायम्फचे जोडसिलिंडरचे इंजिन बसविले, की ट्रायटन सिद्ध होई. मात्र शर्यतीसाठीच जन्मलेल्या त्या चौकटीत बॅटरीला मुळी ठिकाणच नेमलेले नव्हते, आणि रात्री दिव्यावाचून रस्त्यावर जाणे तर शक्य नव्हते. तेव्हा तेलाची टाकी कोठे ठेवावी, बॅटरीचा पाळणा कोठे टांगावा, तारा कोणत्या नळीच्या कडेने न्याव्यात, ही सारी तजवीज ज्याची त्याला आपल्या परसातल्या छपरीत करावी लागे. विजेचे भाग हलविण्याची कला खरोखरी येथे उपजली.

आरंभीच्या पिढीला एक सवलत लाभली होती, ती मॅग्नेटोची. इंजिनाबरोबर फिरणारे हे यंत्र ठिणगीपुरती वीज स्वतःच निर्माण करी, त्यामुळे बॅटरी दिव्यापुरती उरे आणि ती लहान घेतली, दूर नेली, प्रसंगी काढूनच टाकली तरी इंजिन चालत राही. १९६३ साली ट्रायम्फच्या ६५० सीसी गाड्यांचा मॅग्नेटो गेला, त्याच्या जागी कॉइल आले, आणि ठिणगीची सारी भिस्त बॅटरीवर येऊन पडली. १९६६ च्या गाड्यांत विजेचा दाब ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेला. जादा वीज उष्णतेच्या रूपाने उधळून टाकण्यासाठी झेनर डायोड हा चिमुकला भाग आला. तो पुढे हेडलाइटखाली, पंखेदार ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर, वाऱ्याच्या झोतात बसविला जाई. ज्यांना तेथे तो ओंगळ वाटला आणि ज्यांनी तो आसनाखाली कोंडला, त्यांचा डायोड करपला यात नवल नाही. बॅटरी पुरतीच काढू इच्छिणाऱ्यांसाठी ल्यूकस कंपनीने एक निळा कपॅसिटर काढला होता. पण तोही स्प्रिंगमध्ये टांगून, टोके खाली करून बसवावा, असा त्याचा दंडक होता. यंत्रातील प्रत्येक वस्तूच्या जागेमागे अशी एखादी सनद असते.

ब्रीदरची कथा मला याहून उद्बोधक वाटते, कारण तिच्याकडे दुर्लक्ष फार झाले. त्या ब्रिटिश इंजिनातले दोन्ही दट्टे बरोबरीने वर जात व बरोबरीनेच खाली येत; म्हणजे दर फेऱ्यात इंजिनाच्या पोटातील ६५० घनसेंटिमीटर जागा एकदा मोकळी होई व एकदा भरे. तेथील हवेला ब्रीदरची वाट मिळाली नाही तर ती तेलासह जोडांच्या फटींतून बाहेर पडणार हे उघड आहे, आणि ब्रिटिश गाड्या तेल गाळतात या दुष्कीर्तीचा बराचसा वाटा या कोंडमाऱ्याच्या पदरी घालावा लागेल. म्हणून ट्रायम्फने इनलेट कॅमशाफ्टच्या टोकावर फिरती झडप ठेवून दट्टे खाली येताना वाट खुली होईल अशी योजना केली. १९७० पासून ती झडप सोडून प्रायमरी चेनच्या पेटीतून एक रुंद नळी काढली आणि ती मडगार्डच्या कडेने थेट मागे नेली. मडगार्ड आखूड करणाराने ती नळी कापली, की तिचे तोंड मागच्या टायरवर येई, आणि वळणावर तेलकट टायर म्हणजे काय हे सांगण्याची जरुरी नाही. जाणता मिस्त्री नळीचा व्यास तोच राखी, तिला कोठे मुरड पडू देत नसे, आणि तोंड इतक्या उंचीवर नेई की तेलाचा अंश थंड होऊन उलट आत ठिबकावा. टोकाला बसविलेले भूछत्रासारखे लहानसे फिल्टर फार पुढे आले, आणि ते तेलाने तुंबले तर त्याचा उपयोग बुचासारखाच होतो.

हवेच्या गाळणीचा मामला थोडक्यात सांगता येतो. ट्रायम्फची १९५९ ची पहिली बॉनव्हिल तिच्या दोन कार्ब्युरेटरांवर गाळणी न घेताच कारखान्यातून बाहेर पडली होती. तेव्हा कार्ब्युरेटरांची तोंडे उघडी ठेवण्याचे वेड केवळ पोरांचे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

या खटपटीला केवळ पोरखेळ समजणारांनी १९६५ ची बार्सेलोनाची २४ तासांची शर्यत आठवावी. लंडनचे कारागीर डेव्ह डेगन्स यांनी रेक्स बुचर यांच्या साथीने ती स्वतः बांधलेल्या ड्रेस्डा ट्रायटनवर जिंकली. मोंजुईकच्या टेकडीवर रात्रभर धावावयाचे असल्यामुळे तेथे दिवे अपरिहार्य होते, आणि ज्या गाडीच्या तारा सैल वा बॅटरी डळमळीत, तिला पहाट पाहणे अशक्य होते. विजेच्या भागांची बडतर्फी आणि त्यांची बदली यांतील भेद त्या एका रात्री इतका स्पष्ट झाला, की डेगन्स यांचे नाव या धंद्याच्या इतिहासात अग्रभागी लिहिले पाहिजे असे माझे मत आहे.

एस कॅफे १९६९ साली बंद पडले. ट्रायम्फचा मेरिडेन येथील कारखाना १९८३ साली. उपाहारगृह २००१ साली पुन्हा उघडले, आणि त्याच वर्षी हिंक्लीच्या नव्या कारखान्यातून ७९० सीसीची नवी बॉनव्हिल विक्रीस आली. तिच्या त्रिकोणात हवेची मोठी पेटी आहे, आणि ब्रीदरची नळी आता त्या पेटीलाच जोडलेली आहे, जेणेकरून तेलाची वाफ वातावरणात न जाता पुन्हा इंजिनात जळावी. त्यामुळे ही पेटी काढणारास तीन कामे एकदम अंगावर घ्यावी लागतात: कार्ब्युरेटरांना सुटे फिल्टर व बदललेल्या हवेला साजेसे जेट देणे, ब्रीदरला स्वतंत्र वाट करून देणे, आणि पेटीच्या आसऱ्याने राहिलेल्या विजेच्या भागांना पाणी व हादरे यांपासून सुरक्षित घर शोधणे. मद्रासेत वाढलेल्या रॉयल एन्फील्डनेही २०१३ साली कॉन्टिनेन्टल जीटी काढून याच परंपरेशी नाते सांगितले, आणि आपल्याकडील गॅरेजांतूनही आता हा त्रिकोण मोकळा करण्याची हौस दिसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील तपशिलाला छेद देणाऱ्या फेरफारास मनाई करते, हे प्रथम पाहावे. मग गाडी मिस्त्रीच्या हवाली करण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे, की ब्रीदरची नळी आज कोठे जाते आणि उद्या ती कोठे नेणार. त्याने बोट ठेवून दाखविले, तरच पान्याला हात लावू द्यावा.