देवळालीचा ताप

ब्रिटिश क्लायंटबरोबर काम करणाऱ्यांच्या कानावर हा शब्द कधी ना कधी पडला असेल. प्रिंटर भलतंच काहीतरी छापायला लागला, किंवा आजोबा चष्मा फ्रीजमध्ये ठेवून घरभर शोधत बसले, की तिकडचा माणूस हसून म्हणतो, "गॉन डूलाली!" म्हणजे डोकं फिरलं, सटकलं, कामातून गेलं. शब्द ऐकायला कसा गोड आहे ना? एखाद्या बडबडगीतातून उचलल्यासारखा.

तर मंडळी, हा शब्द म्हणजे आपली देवळाली. हो हो, तीच. मुंबईहून जाताना नाशिकरोडच्या अलीकडे लागणारी, देवळाली कॅम्पवाली. गोऱ्या सोल्जरला 'ळ' काही म्हणता येईना, 'देव'चंही त्याने काहीतरी केलं आणि देवळालीची झाली डूलाली.

गंमत म्हणजे मूळ वाक्प्रचार एवढ्यावर संपत नाही. पूर्ण शब्द होता 'डूलाली टॅप'. इंग्रजीत टॅप म्हणजे नळ किंवा टपली. त्यामुळे डोक्यात टपली बसून वेड लागलं असेल, असं कुणाला वाटलं तर त्यात त्याचा दोष नाही. पण हा टॅप म्हणजे हिंदुस्थानी 'तप', आपल्या ओळखीचा ताप! म्हणजे 'डूलाली टॅप' हा सरळसरळ 'देवळालीचा ताप' आहे. इंग्रजांना ज्याचा अर्थ डिक्शनरीत बघावा लागतो तो वाक्प्रचार आपल्याला फोड करून सांगायचीसुद्धा गरज नाही.

आता प्रश्न असा, की देवळालीत असं होतं तरी काय? हवा तर चांगली. मुंबईकर तिथे मुद्दाम हवा खायला जायचे.

देवळालीची लष्करी छावणी १८६१ सालची. जागा निवडण्यामागे साधा हिशेब होता. मुंबई बंदरात उतरलेली पलटण त्या दमट, रोगट शहरात ठेवण्यापेक्षा घाट चढून वर न्यायची, तिथे थोडे दिवस ठेवायची आणि मग देशभर पाठवायची. पुढे थळ घाटातून रेल्वे झाली आणि हे काम आणखी सोपं झालं. येणाऱ्यांसाठी देवळाली म्हणजे पहिला मुक्काम आणि परत जाणाऱ्यांसाठी शेवटचा.

खरी भानगड परत जाणाऱ्यांची होती.

सोल्जरची नोकरी कराराची असायची. तो ज्या महिन्यात भरती झाला त्या हिशेबाने त्याची मुदत संपायची. जानेवारीत काय आणि एप्रिलमध्ये काय. पण त्याला घरी नेणारी लष्करी जहाजं वर्षभर नव्हती! पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, उन्हाळ्यात तांबडा समुद्र म्हणजे भट्टी. म्हणून जहाजांचा सीझन साधारण ऑक्टोबर ते मार्च. आता ज्या बिचाऱ्याची मुदत एप्रिलमध्ये संपली त्याने काय करायचं? देवळालीत जाऊन बसायचं. पुढच्या सीझनपर्यंत.

आमच्या आयटीत याला 'बेंच' म्हणतात. प्रोजेक्ट संपलंय, दुसरं मिळालेलं नाही, रोज यायचं आणि बसायचं. पहिला आठवडा मजेत जातो, मग माणूस स्वतःलाच खायला उठतो. आणि आपण तरी संध्याकाळी घरी जातो! इथे वर्षानुवर्षं घर न बघितलेला माणूस, काम नाही, जायची तारीख नाही, वर मे महिना.

हे लिहून ठेवणारा एक माणूस भेटतो. फ्रँक रिचर्ड्स, रॉयल वेल्च फ्युझिलिअर्समधला साधा शिपाई, त्याआधी वेल्समधल्या कोळशाच्या खाणीतला कामगार. १९०२ च्या सुमारास तो हिंदुस्थानात आला आणि १९३६ साली 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात त्याने त्या दिवसांबद्दल लिहिलं. साहेबलोकांची आठवणींची पुस्तकं ढिगाने आहेत, शिपायाची फार थोडी, म्हणून याचं मोल. तो सांगतो, की पलटणीत असताना शिस्तीत राहिलेली माणसंसुद्धा देवळालीत येऊन बिघडायची. त्याच्या मते हा वाक्प्रचार आला तो या छावणीतल्या कंटाळ्यातून. कंटाळ्याने माणसं चमत्कारिक वागायला लागत, त्यावरून.

म्हणजे बघा, ताप हवेचा नव्हता, पाण्याचा नव्हता, मच्छरांचा तर अजिबातच नव्हता. तो होता दोन टाइमटेबल एकमेकांशी न जुळल्याचा! करार वर्षभर संपणार आणि जहाजं सहाच महिने सुटणार, हे डिझाइन करणाऱ्याला दिसायला हवं होतं की नाही? पण नाव कुणाचं लागलं? गावाचं. आणि वेडा कोण ठरला? शिपाई. सिस्टीममधल्या बगला माणसाच्या डोक्यातला बिघाड म्हणायची सवय आजची नाही.

याच शिपायांनी इंग्रजीला आणखीही शब्द दिले. 'हॅव अ डेको' म्हणजे जरा बघ, हे आपलं 'देखो'. आणि 'ब्लायटी' म्हणजे मायदेश इंग्लंड, हे 'विलायती'चं रूप. पहिल्या महायुद्धात तर 'ब्लायटी' म्हणजे अशी जखम, जी जीव घेत नाही पण माणसाला घरी पाठवण्याइतकी गंभीर असते. पोरं अशी जखम व्हावी म्हणून देवाची प्रार्थना करायची! डूलाली आणि ब्लायटी शेजारी ठेवले की दोन्हीत एकच गोष्ट ऐकू येते. घरी जायचंय.

पुढे या तापाचा जोक झाला. १९७४ ते १९८१ बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' नावाची विनोदी मालिका चालली, तिची सुरुवातच देवळालीच्या छावणीत होते. टॅप गळून पडला, नुसतं डूलाली उरलं आणि ते प्रिंटरला लागू झालं.

पण यात एक वळण असंही आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर हाच प्रश्न पुन्हा आला. युद्ध जिंकलंय, जहाजं कमी, घरी जायची तारीख कुणी सांगेना. जानेवारी १९४६ मध्ये कराचीजवळच्या ड्रिघ रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्या जवानांनी कामच थांबवलं आणि हे लोण इतर तळांवर पसरलं. मागणी काय, तर आम्हाला घरी पाठवा. पुढच्याच महिन्यात मुंबईत हिंदी नौसैनिकांचं बंड झालं, ते आपल्याला शाळेत शिकवतात. हे मात्र कुणी शिकवत नाही.

या वेळी त्यांना कुणी 'टॅप लागलाय' म्हणून हसण्यावारी नेऊ शकलं नाही. कंटाळा तोच, वाट बघणं तेच. फरक एवढाच, की एकेकटा माणूस वैतागला तेव्हा त्याला आजार म्हटलं गेलं आणि हजारो एकदम वैतागले तेव्हा त्याला संप म्हणावं लागलं.

असो. आता तिथे आपल्या लष्कराचं तोफखान्याचं स्कूल आहे. पुढच्या वेळी नाशिकला जाताना गाडी देवळालीला थांबली, तर जरा खिडकीतून 'डेको' घ्या. आणि बेंचवरचा एखादा मित्र चिडचिड करत असेल, तर त्याला वेड्यात काढण्याआधी त्याचं जहाज कधी आहे ते विचारा.