लेकराचा निकाल लागताना आई-बाप कुठे असतात?

हजेरी म्हटलं की आज शाळा आठवते. जुन्या सातारा जिल्ह्यात रामोशी आणि मांग समाजाच्या वाट्याला दुसरी हजेरी होती. गुन्हा केलेला असो वा नसो, सरकारी माणसापुढे उभं राहून नाव सांगायचं. जुना सातारा म्हणजे वाळवा, तासगाव, खानापूरसकट. १९४९ मध्ये त्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. वारणेपलीकडच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हजेरी बंद केली. अलीकडे इंग्रजांचा मुलूख होता. वाटेगावच्या अण्णा भाऊंनी 'फकिरा' लिहिली, ती याच मुलखातल्या मांगांची गोष्ट आहे आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली.

हजेरीबद्दल आपण बोलतो. त्याच कायद्यातल्या मुलांच्या कलमाबद्दल फारसं बोलत नाही.

१८९० साली इंग्रजांनी पालक आणि पाल्य कायदा केला. त्याचं अकरावं कलम सांगतं की मुलाच्या पालकत्वाचा अर्ज आला, तर न्यायालयाने आई-बापाला नोटीस पाठवावी आणि सुनावणीची तारीख कळवावी. सात वर्षांनी, १८९७ मध्ये, त्याच सरकारने गुन्हेगार जमाती कायद्यात दुरुस्ती करून चार ते अठरा वर्षांची मुलं आई-बापापासून काढून सुधारगृहात टाकण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. इथे कुणाचं म्हणणं ऐकायचं नव्हतं. जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेविरुद्ध कोर्टात जाण्याची वाट १८७१ पासूनच बंद केलेली होती. एकाच दशकात दोन कायदे झाले. जमीनजुमल्याच्या घरातलं मूल असेल तर आधी बापाला विचारा, आणि पालावरचं मूल असेल तर उचलून न्या! १९११ मध्ये हा जमाती कायदा मुंबई इलाख्यालाही लावता येऊ लागला आणि मुलं वेगळी काढण्याचा अधिकार त्यात कायम राहिला. सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण याच कायद्याचं. मुंबई प्रांताने तो १९४९ मध्ये रद्द केला, केंद्राने १९५२ मध्ये.

१८९० चा कायदा मात्र आजही चालू आहे. आज तो सगळ्यांना सारखा आहे, निदान कागदावर.

समजा आई येरवड्याच्या महिला कारागृहात आहे. मूल तासगावात चुलत्याकडे राहतं आणि चुलत्याने पालकत्वाचा अर्ज केला. मूल जिथे राहतं तिथलं न्यायालय, म्हणून प्रकरण सांगलीत चालणार. नोटीस तुरुंग अधिकाऱ्यामार्फत आईच्या हातात पडेल. दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी सोय आहे. पण तारखेला तिला सांगलीला आणणार कोण? कैद्यांना न्यायालयात हजर करण्याचा १९५५ चा कायदा आहे. तो वाचून बघा. दिवाणी न्यायालय कैद्याला बोलावतं ते त्याची साक्ष महत्त्वाची वाटली तर. आई म्हणून आपल्या लेकराबद्दल पहिल्या तारखेपासून काही सांगायचं असेल, तर त्या कायद्यात तिच्यासाठी जागा नाही. वकील नसेल आणि तीही आली नाही, तर निकाल एकतर्फी लागू शकतो.

तुरुंगात पडदा नाही असं नाही. फौजदारी संहितेत बदल करून न्यायालयीन कोठडी व्हिडिओवरून वाढवण्याची मुभा दिली, ती २००९ पासून लागू आहे. कोठडी वाढवायला जो पडदा चालतो, तो लेकरासाठी का चालू नये?

यावर एक उत्तर येतं आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. २०१७ मध्ये संथिनी विरुद्ध विजया वेंकटेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की वैवाहिक वादात समेटाच्या टप्प्यावर व्हिडिओ नको, कारण घरातलं बोलणं गुप्त राहिलं पाहिजे. समेट फसल्यावर दोघांनी मिळून मागितलं तर बघू. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळं मत नोंदवलं होतं. गुप्ततेची काळजी मला पटते. तुरुंगाच्या खोलीत शिपाई शेजारी उभा असताना आई काय बोलणार? पण व्हिडिओला समोरच्याची संमती लागणार असेल, तर कैदी आईचं तोंड उघडायचं की नाही हे तिचा विरोधक ठरवणार. कोविडनंतर न्यायालयं पुढे सरकली. २०२२ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या व्हिडिओ कॉन्फरन्सिंग नियमांनी जिल्हा न्यायालयांनाही वाट मोकळी केली आहे.

म्हणजे आता कामाचा प्रश्न उरतो, आणि तो आपल्या पोरांनी उचलावा. २०२२ अखेर देशातल्या कैद्यांत शंभरात सुमारे ७६ जण कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्यांच्यावर लेकराचा हक्क सोडण्याची वेळ का यावी? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि कोठडीतली माणसं यांना मोफत वकील मिळतो. सातारा-सांगलीत वकिली शिकणाऱ्यांनी अशा घरांपर्यंत जावं आणि पहिल्याच तारखेला अर्ज टाकावा. त्यात तीन गोष्टी मागाव्यात: कारागृह अधीक्षकांना न्यायालयाने आधी लेखी कळवावं, सुनावणीआधी वकिलाशी एकांतात बोलू द्यावं, आणि आई बोलत असताना शिपायाने दाराबाहेर थांबावं.